काही तासांच्या मुक्कामाची संस्था : एलिस आयलंडची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की आधी सभासदांचा आकडा विचारतात. मग आजीव सभासद किती, वास्तू कधी झाली, कायम निधी किती साठला. एलिस आयलंडच्या बाबतीत हा रिवाज चालत नाही. इथे आलेल्या माणसाने लवकरात लवकर निघून जावे, यासाठीच ही संस्था उभी होती. सकाळी आलेला दुपारी बाहेर पडला की काम चोख झाले म्हणायचे. रात्री मुक्कामाला राहिला की कुठेतरी गाडे अडले. १८९२ ते १९५४ या बासष्ट वर्षांत सुमारे १ कोटी २० लाख माणसे या दारातून अमेरिकेत शिरली. त्यातल्या बहुतेकांचा इथला मुक्काम तीन ते पाच तासांचा.

आजच्या मुख्य इमारतीला १७ डिसेंबर २०२५ रोजी १२५ वर्षे पूर्ण झाली. तो मुहूर्त धरून स्मरणिकेच्या संपादकांनी हा लेख मागितला. आम्ही न्यू जर्सीत राहणारी मराठी माणसे. बेट आमच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी पाहुण्यांना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दाखवायला नेताना आपण हे बेट बोटीतूनच बोट करून दाखवतो आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणतो. ती पुढची वेळ आली आहे असे समजावे.

स्थापनेपूर्वी : १८५५ ते १८९०

बाहेरून येणाऱ्यांची नोंद ठेवणे हे पूर्वी अमेरिकेत केंद्र सरकारचे काम नव्हते, त्या त्या राज्याचे होते. न्यूयॉर्क राज्याने १८५५ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कॅसल गार्डन येथे उतारूंसाठी केंद्र उघडले. मुळात तो किल्ला. पुढे तिथे नाट्यगृह झाले आणि १८५० मध्ये स्वीडनची जेनी लिंड तिथे गायली. त्याच गोल वास्तूत पस्तीस वर्षांत ऐंशी लाखांच्या आसपास माणसे उतरली. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाने घरदार सोडायला लावलेले लोक, जर्मन शेतकरी, नंतर स्वीडन-नॉर्वेचे.

मराठी वाचकाला या काळाची एक खूण सांगतो. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कॅसल गार्डनचाच अंमल होता. त्यांना न्यायला ओळखीच्या अमेरिकन कार्पेंटरबाई आल्या आणि त्या आमच्या न्यू जर्सीतल्या रोझेलला गेल्या. एकट्या उतरलेल्या बाईला बंदरावर ओळखीचे कोणी भेटणे म्हणजे काय, ते पुढच्या हकिगतीत वरचेवर दिसेल.

कॅसल गार्डनच्या आवारात दलाल, पैसे बदलून देणारे आणि खानावळवाले यांची जी रेलचेल झाली होती तिच्या तपशिलात शिरत नाही. १८९० मध्ये केंद्र सरकारने काम आपल्या हाती घेतले आणि जागा म्हणून एक बेट निवडले. बेटावर दलालाला पोहत जावे लागते.

१८९० चे दशक : लाकडी वास्तू

बेट जेमतेम तीन एकरांचे होते. आसपास शिंपल्यातली कालवे फार, म्हणून त्याला कालव्यांचे बेट म्हणत. मध्यंतरी इथे चाच्यांना फाशी देत, तेव्हा फाशीचे बेट म्हणत. अठराव्या शतकात सॅम्युएल एलिस नावाच्या गृहस्थाच्या मालकीचे झाले आणि नाव तेच चिकटले. १८०८ मध्ये सरकारने ते दहा हजार डॉलरना घेऊन तिथे तोफा आणि दारूगोळा ठेवला. आता दारूगोळा हलवला, भर घातली आणि जॉर्जियाच्या पाइनच्या लाकडाची मोठी इमारत उभी केली. भर घालण्याचे काम पुढे चाळीसेक वर्षे चालूच राहिले. जहाजांनी वजनासाठी आणलेली माती-दगड, शहरातल्या खोदकामातून निघालेला मुरूम, सगळे इथे आले आणि बेट साडेसत्तावीस एकरांचे झाले. माणसांसारखी इथली मातीही बरीचशी बाहेरची आहे.

१ जानेवारी १८९२ रोजी उद्घाटन झाले. पहिली नोंद ॲनी मूर हिची. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातली मुलगी, वय सतरा, सोबत दोन धाकटे भाऊ, जहाज 'नेवाडा'. आईवडील आधीच न्यूयॉर्कला येऊन राहिले होते. पहिले प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनी तिच्या हातात दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. त्या दिवशी सातशेच्या आसपास माणसे आली. नाणे एकीलाच मिळाले. उद्घाटनाच्या दिवशी असेच होते.

ॲनीची पुढची हकिगत मात्र अनेक वर्षे चुकीची सांगितली जात होती. ती टेक्सासला गेली, तिथे तिचे असे झाले, तसे झाले, वगैरे. ती बाई निघाली दुसरीच. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातच राहिली, तिथेच संसार केला, मुले वाढवली, काही गमावली, आणि १९२४ मध्ये वारली. क्वीन्समधल्या तिच्या कबरीवर नावसुद्धा नव्हते. वंशावळ शोधणाऱ्यांनी हे २००६ मध्ये पुराव्यानिशी दाखवले. नाणे घेऊन ती फार लांब गेली नाही, हेच मला तिच्याबद्दल आवडते. बहुतेक लोक फार लांब गेले नाहीत.

पहिल्या वर्षी साडेचार लाखांच्या आसपास माणसे इथून गेली. आणि १४ जून १८९७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. लाकूडच ते, सकाळपर्यंत राख झाली. मुक्कामाला असलेल्यांपैकी एकाचाही जीव गेला नाही, याचे श्रेय त्या रात्रीच्या पाळीवर असलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात कर्मचाऱ्यांना द्यायला हवे. १८५५ पासूनचे बरेच दप्तर मात्र गेले.

पुढची साडेतीन वर्षे मॅनहॅटनच्या टोकावरच्या जुन्या कचेरीतून काम चालले. ती जागा अपुरी, गर्दी अफाट. या काळात कारभारासंबंधी काही तक्रारी झाल्या, वरिष्ठांतही मतभेद होते, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सूत्रे नव्या माणसांकडे दिली. एवढे पुरे.

१९०० चे दशक : भरभराट

बोरिंग आणि टिल्टन या वास्तुरचनाकारांनी या वेळी लाकडाला हात लावला नाही. वीट, चुनखडीचा दगड, लोखंड, चार कोपऱ्यांवर चार मनोरे. १७ डिसेंबर १९०० रोजी दार उघडले आणि पहिल्याच दिवशी २,२५१ माणसे आत आली. वरच्या मजल्यावर नोंदणीचे दालन : सुमारे दोनशे फूट लांब, शंभर फूट रुंद, छत छप्पन्न फुटांवर. ज्या माणसाने गावच्या चर्चशिवाय उंच छत पाहिले नव्हते त्याच्या मनात इथे काय उठले असेल!

आता तो दिवस कसा जाई ते जरा सावकाश सांगतो, कारण संस्थेचे सगळे काम त्यातच होते.

जहाज बंदराला लागे. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी जहाजावरच, त्यांच्या केबिनमध्ये, आणि तिथूनच ते शहरात मोकळे. एलिस आयलंड होते ते जहाजाच्या पोटातल्या, स्टिअरेजच्या प्रवाशांसाठी. तीस डॉलरच्या आसपास भाडे, दहा-बारा दिवसांचा प्रवास, कोंदट हवा, ओकारीचा वास. त्यांना तराफ्यासारख्या मोठ्या बोटीत भरून बेटावर आणत. ऐन हंगामात त्या बोटीतच तासन् तास तिष्ठावे लागे. प्रत्येकाच्या कोटाला चिठ्ठी टाचलेली : जहाजाच्या यादीतले पान आणि त्या पानावरचा आकडा. दिवसभर हाच आकडा त्याचे नाव.

खाली गाठोडी, ट्रंका, परड्या, पिसांच्या गाद्या ठेवायची खोली. कोणी ठेवे, कोणी छातीशी धरून जिना चढे. जिन्याच्या वरच्या टोकाला डॉक्टर उभे असत. चढताना धाप लागते का, पाय ओढतो का, नजर भिरभिरते का, हे ते बघत. प्रत्येक माणसामागे सहाएक सेकंद. संशय आला की कोटावर खडूने अक्षर. हृदयासाठी एक, लंगडण्यासाठी एक, डोळ्यांसाठी एक, पाठीसाठी एक. आणि डोक्यात काही बिघाड वाटला तर फुली. काही चलाख मंडळी कोट उलटा करून घालत आणि खडूसकट पुढे सरकत. ही युक्ती कोणाकोणाची चालली ते साहजिकच दप्तरात नाही.

पुढचा टप्पा सगळ्यात भीतीचा. बुटाची बटणे ओढायला असतो तसा आकडा किंवा नुसते बोट लावून डॉक्टर पापणी उलटी करत. शोधत असत खुपऱ्या. हा डोळ्यांचा सांसर्गिक रोग त्या काळी बरा होणे कठीण, आणि तो निघाला की परतीचे जहाज. डोक्यातले खवडेसुद्धा बघत. पापणी उलटताना होणारी ती आग म्हातारपणापर्यंत लक्षात राहिल्याचे किती जणांनी तरी सांगितले आहे. दोन मिनिटांची गोष्ट, पण अमेरिकेचा पहिला स्पर्श तो.

मग दालनात बाकांवर बसायचे. आधी लोखंडी कठड्यांच्या रांगा होत्या, गुरांच्या कोंडवाड्यासारख्या. १९११ मध्ये त्या काढून बाक आले. नाव पुकारले की उंच मेजापुढे उभे राहायचे. मेजाच्या मागे निरीक्षक, शेजारी दुभाषी. जहाज कंपनीने युरोपच्या बंदरावरच एकोणतीस प्रश्नांची उत्तरे भरून आणलेली असत. इथे तीच पुन्हा विचारून ताडून बघायची. नाव, वय, धंदा, लिहितावाचता येते का, तिकीट कोणी काढले, जवळ पैसे किती, कोणाकडे जाणार. आणि एक मेख : काम ठरवून आला आहात का? साधा माणूस मान हलवून "हो" म्हणे, कारण आळशी दिसू नये. पण करार करून मजूर आणायला १८८५ च्या कायद्याने बंदी होती. "काम ठरलेले नाही, पण अंगमेहनत करीन" हे उत्तर बरोबर. आधी येऊन गेलेल्या गाववाल्यांनी पत्रातून हे पढवून ठेवलेले असे. आपल्याकडे व्हिसाच्या मुलाखतीआधी पुण्याच्या मित्राला फोन लावतात, तसेच.

एक निरीक्षक दिवसाला चारशे-पाचशे माणसे हातावेगळी करी. म्हणजे माणसामागे दोन मिनिटे. नावे इथे बदलली जात, हा समज घरोघरी पक्का आहे. पण निरीक्षकापुढे नाव आधीच लिहिलेले असे आणि तो त्यावर खूण करी. नावे बदलली ती लोकांनीच, पुढे, दुकानाच्या पाटीसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी. आमच्या ओळखीतले दोन देशपांडे 'देश' झाले आहेत, तेही कोणा सरकारी कारकुनाने केलेले नाही.

ज्यांचे जमले ते जिना उतरत. या जिन्याचे तीन भाग होते. एका बाजूने उतरणारे रेल्वेच्या तिकिटांकडे, दुसऱ्या बाजूने मॅनहॅटनच्या फेरीबोटीकडे, आणि मधल्या भागातून अडकवून ठेवलेले. आलेल्यांपैकी निम्म्याहून बरेच जास्त जर्सी सिटीच्या स्टेशनवरून गाड्या पकडून आत गेले : पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींत, पिट्सबर्गच्या भट्ट्यांवर, शिकागोच्या कत्तलखान्यांत. खालच्या मजल्यावर एका खांबापाशी घरचे न्यायला आलेले असत. कर्मचाऱ्यांनी त्याचे नाव चुंबनाचा खांब ठेवले होते. इटालियन लोक कसे भेटतात, हंगेरियन कसे, यावर त्यांच्यात गप्पा चालत.

१९०७ हे सर्वांत गर्दीचे वर्ष. दहा लाखांच्या वर माणसे आली. १७ एप्रिलला एका दिवसात ११,७४७. आता उत्तर युरोपचे लोक कमी झाले होते. दक्षिण इटलीतले जमीन नसलेले शेतमजूर, रशियन साम्राज्यातल्या दंगलींतून जीव वाचवून निघालेले ज्यू, पोल, स्लोव्हाक, ग्रीक. इटलीचे कितीतरी पुरुष चार वर्षे खपून, पैसा गाठीला बांधून परत जात आणि पुन्हा येत. त्यांना पाखरे म्हणत. रशियातून आलेला ज्यू परत जात नसे. जायला मागे घर नव्हते.

या गर्दीला तोंड देणाऱ्या मंडळींची नोंद घेणे हे स्मरणिकेचे कर्तव्य. विल्यम विल्यम्स हे दोनदा प्रमुख झाले, १९०२ आणि १९०९ मध्ये. शिस्तीचे कडक. उतारूंशी ममतेने वागा, असे फलक त्यांनीच भिंतीवर लावले आणि खिशात पंचवीस डॉलर हवेत अशी अटही त्यांनीच घातली. दोन्ही एकाच माणसाने केले याचे मला नवल वाटत नाही, अशी माणसे प्रत्येक संस्थेत असतात. मधल्या काळातले रॉबर्ट वॉचॉर्न हे स्वतः इंग्लंडमध्ये लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेले आणि १८८० मध्ये कॅसल गार्डनला उतरलेले. दुभाष्यांत एक तरुण होता, फिओरेलो ला गार्डिया. १९०७ ते १९१० इथे नोकरी, रात्री कायद्याचे वर्ग. पुढे तो न्यूयॉर्कचा महापौर झाला आणि त्याच्या नावाच्या विमानतळावर आपण उतरतो. परत पाठवलेल्यांची दुःखे रोज पाहूनही आपले मन कधी निबर झाले नाही, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

आणि ऑगस्टस शर्मन. हा नोंदणी विभागातला कारकून. कॅमेऱ्याचा नाद. अडकून पडलेल्यांना तो म्हणे, ट्रंकेतले चांगले कपडे काढा. मग त्यांना उभे करून छायाचित्र घेई. अशी अडीचशेच्या आसपास छायाचित्रे राहिली. बहुतेकांची नावे त्याने लिहिली नाहीत, देश लिहिला. त्यातला रुमानियाचा मेंढपाळ मी पुन्हा पुन्हा पाहतो. अंगावर लोकरीसकट कातड्याचा भलामोठा झगा, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. माणदेशातला धनगर घोंगडी घेऊन असाच उभा राहील. पुढे त्याने तो झगा किती दिवस वापरला असेल? शहरात पहिली गोष्ट टाकली जाते ती अंगावरची.

१९१० चे दशक : रुग्णालय, युद्ध, आणि एक छत

शंभरातले वीस जण कुठल्या ना कुठल्या कारणाने अडकत. शेवटी परत पाठवले जात ते शंभरातले दोन. ऐकायला थोडे वाटतात. १९०७ सारख्या वर्षी दोन टक्के म्हणजे वीस हजारांचे गाव होते. लहान मूल परत जायचे ठरले तर घरातल्या एका मोठ्या माणसाला सोबत जावे लागे. कोणी जायचे, ते कुटुंबाने तिथल्या तिथे, बाकावर बसून ठरवायचे. नाकारलेल्याला फुकट परत नेण्याचा खर्च जहाज कंपनीच्या माथी होता, म्हणून हँबर्गसारख्या बंदरांत कंपन्यांनी स्वतःच तपासण्या आणि निर्जंतुकीकरण सुरू केले. आकडा कमी राहिला त्यात त्यांच्या हिशेबीपणाचाही वाटा आहे.

आजाऱ्यांसाठी भर घालून आणखी जमीन तयार केली आणि तिथे मोठे रुग्णालय झाले; १९११ मध्ये सांसर्गिक रोगांचा विभाग सुरू झाला. गोवर, खुपऱ्या, क्षय. सगळ्या काळात मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसे तिथे दगावली, साडेतीनशेच्या आसपास बाळे जन्मली. बरे होऊन गेलेले त्याहून कितीतरी पट. मन तपासायला डॉक्टर हॉवर्ड नॉक्स यांनी लाकडी तुकडे जुळवायच्या चाचण्या तयार केल्या. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्याला वेडा ठरवू नये म्हणून. हातात पेन्सिलही न धरलेल्या माणसापुढे लाकडाचा चेहरा ठेवून "जुळव" म्हणणे हेही विचित्रच, पण आधीपेक्षा बरे.

जेवणघराविषयी दोन शब्द. राईचा पाव, सूप, आणि सुके आलुबुखार, जे सर्वांच्या आठवणीत अढळ आहे. केळे पाहून लोक सालीसकट चावत. आइस्क्रीम पावावर लावून खाल्ल्याच्याही कथा आहेत. १९११ मध्ये ज्यूंच्या रीतीचे वेगळे स्वयंपाकघर सुरू झाले. त्याआधी कित्येक जण पाव आणि चहावर दिवस काढत. ज्याने परमुलखात शाकाहारी जेवण शोधले आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

मदतीला संस्था होत्या : ज्यूंची, इटालियनांची, पोलिशांची, मिशनऱ्यांच्या, महिलांच्या. एकट्या बाईला न्यायला कोणी येईपर्यंत बाहेर सोडत नसत, तेव्हा तारा करणे, नवऱ्याचा पत्ता शोधणे, कोर्टासारख्या चौकशी मंडळापुढे तिची बाजू मांडणे हे काम या संस्थांच्या कार्यकर्त्या करत. न्यायला आलेला नवरा मुलाला ओळखू येत नसे. तो गेला तेव्हा मूल पाळण्यात होते.

१९१४ मध्ये युद्ध पेटले आणि युरोपातली बंदरे बंद पडली. वर्षभरात आवक नऊ लाखांच्या आसपासवरून दोन लाखांच्या खाली आली. ३० जुलै १९१६ च्या पहाटे समोरच, जर्सीच्या किनाऱ्यावर, ब्लॅक टॉम येथील दारूगोळा जर्मन हेरांनी उडवला. बेटावरच्या काचा फुटल्या, छत निखळले. नवे छत १९१८ मध्ये गुआस्ताविनो कंपनीने बांधले. लाकडी आधाराविना, पातळ विटा एकमेकींना धरून उभी राहणारी कमान. ही स्पेनच्या व्हॅलेन्सिया भागातली कला. कंपनीचा मालक धाकटा राफाएल गुआस्ताविनो लहानपणीच बापाबरोबर १८८१ मध्ये न्यूयॉर्कला उतरला होता. पुढे जीर्णोद्धारात अठ्ठावीस हजारांवर विटा तपासल्या, तेव्हा सतराच बदलाव्या लागल्या.

१९१७ च्या कायद्याने दोन गोष्टी केल्या. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाला कोणत्याही एका भाषेत चाळीसेक शब्द वाचता यायला हवेत. आणि आशियाचा मोठा पट्टा, हिंदुस्थानासह, बंद. विद्यार्थ्यांना सवलत होती. त्याआधी चार वर्षे, जुलै १९१३ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकायला भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले होते. दालनातल्या बाकांवर जेव्हा सगळा युरोप बसला होता, तेव्हा आपल्यासाठी दार किती किलकिले होते ते यावरून कळते.

१९२० चे दशक : दार अर्धे मिटले

युद्धानंतर पुन्हा लाट आली आणि १९२१ मध्ये प्रत्येक देशाचा कोटा ठरला. दर महिन्याचा हिस्सा वेगळा. त्यामुळे महिनाअखेरीस बंदराबाहेर जहाजे टपून उभी राहत आणि मध्यरात्रीचे ठोके पडताच आत घुसण्याची शर्यत लागे. काही मिनिटे आधी रेषा ओलांडणारे जहाज मागच्या महिन्यात मोजले जाई, आणि मागचा कोटा संपलेला असला तर पोटातल्या माणसांचे हाल. १९२४ च्या कायद्याने कोटा आणखी आवळला. गणना १८९० च्या वस्तीवर धरली, म्हणजे इटालियन, पोलिश, ज्यू आपोआप गाळले गेले. तपासणीही आता परदेशातल्या अमेरिकन वकिलातींत होऊ लागली.

याच काळात वायडब्ल्यूसीएच्या ल्युडमिला फॉक्सली इथे काम करत होत्या, १९२० ते १९३७. बोहेमियातून त्या नऊ वर्षांच्या असताना आलेल्या. भेटायला आलेल्या नवऱ्यांना बायकोचा रुमाल आणि जाड घागरा बघून लाज वाटते, हे त्यांनी ओळखले होते. त्या बायकांना अमेरिकी टोपी, झगा, केसांची नवी बांधणी करून देत. चांगले केले की वाईट, मला ठरवता येत नाही. त्या बायका मात्र त्यांना वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिल्या.

१९३० ते १९५४ : उतरती कळा

या वर्षांवर फार रेंगाळत नाही. मंदीत येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले. १९३८ मध्ये चित्रकार एडवर्ड लॅनिंग यांनी जेवणघराच्या भिंतीवर स्थलांतरितांच्या श्रमाचे मोठे चित्र काढले. ते पाहत जेवणारे बहुतांशी हद्दपारीची वाट पाहणारे होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्रांचे नागरिक म्हणून जर्मन, इटालियन, जपानी माणसे इथे स्थानबद्ध झाली. मेट्रोपॉलिटन ऑपेराचा गायक एझिओ पिंझाही १९४२ मध्ये इथे होता. १९५२ मध्ये त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांनी इथल्या कोठडीत बसून हर्मन मेलव्हिलवर पुस्तक लिहिले. काही तासांच्या मुक्कामाची संस्था महिनोन् महिन्यांची झाली होती. १२ नोव्हेंबर १९५४ रोजी जहाज चुकलेल्या एका नॉर्वेजियन खलाशाला सोडले आणि कुलूप लागले.

१९५४ ते १९९० : रिकामे बेट, नवे दार

सरकारने बेट विकायला काढले. मनासारखे गिऱ्हाईक मिळाले नाही. छपरे गळू लागली, दालनात झाडे उगवली. पन्नास वर्षे फेऱ्या मारलेली 'एलिस आयलंड' नावाची बोट १९६८ मध्ये धक्क्यालाच बुडाली.

११ मे १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बेट स्वातंत्र्यदेवीच्या स्मारकात सामील केले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, शेजारच्या बेटावर पुतळ्याच्या पायथ्याशी, त्यांनी देशवार कोट्याची पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही केली. तुमचे-माझे इथे येणे त्या सहीने झाले. आपण केनेडी विमानतळावर उतरलो. तिथे जिना नव्हता. रांग होती, आणि मेजामागे शिक्का घेऊन बसलेला माणूस होता.

१९७६ मध्ये लोकांना बेट पाहायला मोकळे झाले. १९८२ नंतर उद्योगपती ली आयाकोका यांच्या पुढाकाराने देणग्या गोळा झाल्या. त्यांचे आईवडील इटलीचे. शाळकरी मुलांच्या नाण्यांपासून कंपन्यांच्या धनादेशांपर्यंत सर्वांचे त्यात योगदान आहे. १० सप्टेंबर १९९० रोजी संग्रहालय सुरू झाले.

१९९० नंतर : सध्याचे कार्य

मालकीवरून दोन शेजारी राज्यांत जो गोड वाद होता तो सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मिटवला : मूळचे तीनेक एकर न्यूयॉर्कचे, भर घातलेला बाकी सगळा भाग न्यू जर्सीचा. स्मृतिचिन्हांच्या दुकानात अजून न्यूयॉर्कच लिहिलेले असते. त्यावर बोलत नाही.

२००१ पासून जहाजांच्या याद्या संगणकावर शोधता येतात. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात तळघरात समुद्र शिरला. वर्षभर दार बंद होते. २०१५ मध्ये एलिस आयलंडच्या आधीचे आणि नंतरचे, म्हणजे आपलेही, आगमन दाखवणारी दालने पूर्ण झाली. जीर्णोद्धारात रंगाचे थर खरवडताना खाली पेन्सिलीने लिहिलेली नावे, तारखा, पक्षी, जहाजे निघाली. अडकून पडलेल्यांनी काढलेली. ती काचेखाली जपली आहेत.

दक्षिणेकडचे रुग्णालय अजून जसेच्या तसे पडके आहे. शिरस्त्राण घालून, वाटाड्याबरोबर आत जाता येते. २०१४ मध्ये जेआर या फ्रेंच कलावंताने जुनी छायाचित्रे मोठी करून तिथल्या भिंतींवर, फुटक्या खिडक्यांवर चिकटवली. पोरे, नर्सा, डोक्याला पट्टी बांधलेली माणसे. कागदच तो, ओल लागते, कडा सुटतात. मी गेलो तेव्हा एका मुलाचा खांदा भिंतीपासून निघून वाऱ्याने हलत होता. वाटाड्या म्हणाली, परत चिकटवत नाही आम्ही.

मग तिने घड्याळ पाहिले आणि आम्हाला बोटीकडे चला म्हणाली.